चौदा ते अठरा : शाळेच्या हातून निसटणारी चार वर्षे



या पानावर आपण एरवी उसाच्या नोंदी, बेणे, खोडव्याचे खत, पाण्याच्या पाळ्या आणि साखर उतारा यांविषयी वाचता. या खेपेला आम्ही शाळेविषयी लिहीत आहोत. काही मंडळी म्हणतील, "शाळेचं मास्तर बघतील, तुम्ही गाळपाचं बघा." त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण आपल्या संस्थेचा सभासद तयार होतो कुठे? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार सभासद व्हायचे तर माणूस करार करण्यास पात्र पाहिजे, म्हणजे वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली पाहिजेत. त्या दिवशी पोरगा किंवा पोरगी भाग घेऊ शकते, कर्जाच्या कागदावर सही करू शकते, आणि १९८९ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीपासून मतही देऊ शकते. आदल्या दिवशी लेकरू, दुसऱ्या दिवशी जबाबदार माणूस. ही उडी मारायला अंगात बळ लागते, आणि ते बळ घरानंतर कुठे मिळायचे असेल तर ते शाळेतच. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आधी आपल्या अंगणातलीच गोष्ट घेऊ. काट्यावर गाडी येते. भरगाडीचे वजन होते, गाडी गव्हाणीकडे जाते, रिकामी होऊन परत काट्यावर येते. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे आपला ऊस. ही पावती घरी जाते आणि बहुतेक घरांत खुंटीला अडकवली जाते. पंधरवड्याने बिल निघते तेव्हा पावत्या जुळवून बघणारे किती? पुढचे गणित जरा अवघड, पण फार नाही. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राने ठरवलेली एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होती, आणि त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३ रुपये २० पैसे वाढ होती. समजा एखाद्या कारखान्याचा उतारा ११.२५ टक्के. म्हणजे एक टक्का जास्त, दहा पायऱ्या, ३३२ रुपये. दर झाला ३,७३२. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा. राहिले ते आपले. यात काय आहे? टक्केवारी, गुणाकार आणि वजाबाकी. सातवी-आठवीचे गणित. पण शाळेत टक्केवारी शिकवतात ती कुण्या दुकानदाराच्या नफ्यातोट्यावर, ज्याला पोराने कधी पाहिलेले नाही. ज्याच्या बापाचा ऊस काट्यावर उभा आहे त्या पोराला उताऱ्याची टक्केवारी कुणी समजावून देत नाही. मग हेच पोर बी.ए. होते, सर्वसाधारण सभेला बापाच्या जागी येऊन बसते, अहवालाची पाने उलटते, ताळेबंद आला की पान पलटते आणि जेवणाला किती वेळ आहे ते विचारते. रागावू नका. आम्ही दरवर्षी पाहतो म्हणून लिहिले.

तरी हे दुखणे हलके म्हणावे लागेल, कारण या पोराला निदान अठरा वर्षे तरी मिळाली. आपल्या जिल्ह्यात ज्यांना तीसुद्धा मिळत नाहीत त्यांच्याविषयी लिहिण्यासाठी खरे तर हा लेख घेतला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी नावाची सरकारी पाहणी असते. तिची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. २० ते २४ वयाच्या स्त्रियांना विचारले, तुमचे लग्न कितव्या वर्षी झाले? अठराच्या आत लग्न झालेल्या स्त्रिया साऱ्या देशात शंभरात २३ निघाल्या, महाराष्ट्रात जवळपास २२. आणि आपल्या परभणी जिल्ह्यात शंभरात ४८. बीडमध्ये सुमारे ४४. म्हणजे सगळ्या राज्याच्या दुप्पटीहून जास्त आपण, आणि बीडच्याही पुढे आपण. जिल्ह्याचे नाव राज्यात वर आले की आपण पेढे वाटतो. या बाबतीत कुणी बोलत नाही.

"ते सगळं ऊसतोड्यांच्यात चालतं, आपल्यात नाही," असे सांगून सुटका करून घेता येणार नाही. जवळपास निम्म्या मुली एका जातीतून किंवा एका धंद्यातून येणे शक्य नाही. त्यात बागायतदारांच्या लेकी आहेत, आपल्या सभासदांच्याही आहेत. आता यातली विचित्र गोष्ट बघा. त्याच गावात सोळाव्या वर्षी पोरीला उजवतात आणि त्याच गावात बत्तीस वर्षांचा शेतकरी पोरगा मुलगी मिळत नाही म्हणून पारावर बसलेला असतो. दोन्हींची काळजी एकाच बैठकीत, एकाच चहावर होते, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असे कुणाला वाटत नाही.

हे होते कसे? आम्हाला वाटते ते असे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांना धरून आहे, पहिली ते आठवी. चौदाव्या वर्षी कायद्याचा हात सुटतो. सज्ञान होणे अठराव्या वर्षी. मधली चार वर्षे कुणाचीच नाहीत. शाळेने धरलेच पाहिजे असे नाही, आणि जगाने अजून मोठे मानलेले नाही. तेवढ्यात गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते. हायस्कूल दुसऱ्या गावात, तीन-चार मैलांवर. पावसाळ्यात मधला ओढा भरला की वाट बंद. पोरगा सायकल दामटून जातो. पोरीच्या बाबतीत आई दारात उभी राहून घड्याळ बघते. सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. मुलींना बारावीपर्यंत फी नाही, एस.टी.चा पास मोफत आहे, मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात, मुलींच्या शाळेसाठी निळ्या बसगाड्या आहेत. पण बस एकदा चुकली किंवा वाटेत कुणी टवाळाने शीळ घातली की घरात निकाल लागतो : "बस झालं आता शिकणं."

आणि डोंगरपट्ट्यात याच्यावर आणखी एक ओझे आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातल्या वाड्यातांड्यांवरून दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. कुणी आपल्या भागात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आणि कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे हे आपण सगळे जाणतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्याने तोडायचे, तिने मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला उचलही अर्धीच. आता मायबापाच्या जागी उभे राहून विचार करा. पाच-सहा महिने फडावर जायचे आहे. चौदा-पंधराची पोर. कोपीत सोबत न्यावी तर कोपीला दार नाही, आंघोळीला आडोसा नाही. गावात म्हाताऱ्या आजीपाशी ठेवावी तर रात्रीची झोप लागत नाही. "लेकीची जात हाय साहेब, कुणाच्या जिवावर सोडावं?" असे एक बाप बोलतो तेव्हा त्याच्याजवळ दुष्टपणा नसतो, भीती असते. तिसरी वाट लग्नाची. पोरीची काळजी मिटते, जावयाचा अर्धा कोयता पुरा होतो, मुकादम पूर्ण उचल देतो, आणि त्याच उचलीत लग्नाचा खर्चही निघतो. पुढच्या हंगामाला ही पोर आपल्याच एखाद्या फडात मोळी उचलताना दिसते. आपल्या साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, हंगाम असतो, प्रतवारी असते. मोळी उचलणारीचे वय कुठेच लिहिलेले नसते.

शाळेने या मुलांसाठी काही केले नाही असे नाही. साखरशाळा राज्यात बरीच वर्षे चालल्या. कारखान्याच्या आवारात, टोळ्यांच्या तळाजवळ, हंगामापुरत्या. पुढे मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेतच बसवायचे धोरण आले, शिक्षण हमी कार्ड आले, गावातच हंगामी वसतिगृहे आली. हे सगळे चांगलेच. पण या सगळ्यांचा भर लहान लेकरांवर. पहिली-दुसरीचे पोर अक्षर विसरू नये एवढी काळजी घेतली गेली. नववीत गेलेल्या पोरीसाठी यात फारसे काही नव्हते, आणि खरा घात तिचाच होतो.

आपल्या भागात शाळेकडे लोक नेहमी असे बघत नव्हते हेही सांगायला पाहिजे. निजामी राजवटीत वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून. १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. मराठी शाळा म्हणजे कष्टाने जपलेला दिवा. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते, पुढे अंबाजोगाईच्या शाळेत गेले. आधी मास्तर, मग मुक्तिसंग्रामाचे नेते. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून उस्मानियाच्या मुलांना काढून टाकले, तेव्हा ती पोरे नागपूरला जाऊन शिकली, पण माघार घेतली नाही. अठरा-वीस वर्षांची पोरे ती. त्यांना कुणी 'व्यक्तिमत्त्व विकासा'चा तास दिला नव्हता. मास्तर जसे वागत होते ते त्यांनी पाहिले होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर शाळा वाढल्या, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ आले, ठिकठिकाणच्या सहकारी कारखान्यांनी उसाच्या बिलातून टनामागे काही पैसे कापून शाळा-कॉलेजे काढली. हे मोठे काम झाले. फक्त मधल्या काळात शाळा म्हणजे दहावीचा निकाल आणि निकाल म्हणजे टक्के, एवढेच उरले.

आता एक उदाहरण सांगतो. ते लांबचे नाही. जायकवाडीच्या ज्या डाव्या कालव्याचे पाणी आपल्या जिल्ह्यापर्यंत येते, तो कालवा पैठणहून निघतो. त्याच पैठण तालुक्यात पाचोड नावाचे गाव आहे. तिथे इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था डॉ. अशोक दयालचंद यांनी चालवली. त्यांच्या लक्षात आले की कोवळ्या वयातल्या बाळंतपणावर कितीही औषधे दिली तरी ते वरवरचे आहे. मुळात लग्नच लवकर होते. म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी गावागावांत किशोरवयीन मुलींचे वर्ग सुरू केले. बहुतेक मुली शाळा सुटलेल्या, दिवसा शेतात मजुरीला जाणाऱ्या. म्हणून वर्ग संध्याकाळी, रोज एक तास, वर्षभर. शिकवायला बाहेरून कुणी बी.एड. झालेले आणले नाही. गावातल्याच, निदान सातवीपर्यंत शिकलेल्या बायांना तयार केले.

काय शिकवले? स्वतःचे शरीर, पाळी, आहार, रक्तपांढरी. लहान बाळाची निगा. बँकेत, पोस्टात, ग्रामपंचायतीत काम कसे चालते. कायदा काय म्हणतो. आणि चारचौघांत तोंड उघडून बोलायचे कसे. एवढेच. यात इंग्रजी नाही, संगणक नाही. सुरुवातीला आईबापांना वाटले, पोरींना काय चढवून ठेवायलेत. पण वर्ग गावात, शिकवणारी ओळखीची काकू-वहिनी, आणि आईबापांशीही सतत बोलणे. त्यामुळे पोरी टिकल्या. फळ काय मिळाले ते मोजून ठेवले आहे. ज्या गावांत वर्ग चालले तिथे मुलींच्या लग्नाचे मधले वय १९९७ ते २००१ या चार वर्षांत सोळावरून सतरावर गेले. अठराच्या आतली लग्ने शंभरात ८० च्या आसपास होती, ती ६२ वर आली.

एका वर्षाने काय होते, असे कुणी म्हणेल. पिकात एक पाळी चुकली तर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी लग्न झालेली पोर नववी-दहावीतून उठते. सतराव्या वर्षी दहावीचे सर्टिफिकेट तिच्या हातात असते. अठराव्या वर्षी 'नाही' म्हणण्याचा कायदेशीर हक्क तिच्याजवळ असतो. आणि हे सगळे सातवी शिकलेल्या बायांनी संध्याकाळच्या एका तासात घडवले. आपल्याकडे तर पक्क्या इमारतीची हायस्कुले आहेत, पगारी शिक्षक आहेत, शाळा व्यवस्थापन समित्या आहेत. तो एक तास आपल्या शाळांच्या वेळापत्रकात बसत नसेल तर वेळापत्रकच तपासायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलांनाही त्या तासाला बसवावे. उद्याचे नवरे आणि बाप तेच आहेत.

पोरांच्या बाबतीत दुसरे एक नाव घ्यावे लागेल. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शास्त्रज्ञ माणूस, पण दुष्काळी गावात येऊन बसले. त्यांनी हायस्कुलातल्या मुलांकडून आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करून घेतले. वेल्डिंग, विजेची जोडणी, रोपवाटिका, माती तपासणे, रक्तगट तपासणे. मुख्य म्हणजे केलेले काम गावाला द्यायचे आणि हिशेब ठेवायचा. हा विषय पुढे राज्याच्या काही शाळांत रीतसर शिकवला जाऊ लागला. आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये जे फिटर-वेल्डर आहेत त्यांच्या हाताखाली शेजारच्या हायस्कुलाची आठवी-नववीची मुले बंद हंगामात आठवड्यातून एक दिवस आली, मशिनरी उघडी असताना पाहिली, काट्याची पावती आणि उताऱ्याचे गणित इथेच बसून शिकली, तर आपले काय जाते? चहाचा खर्च.

आता कारखान्याने काय करायचे ते बोलू, नाहीतर हे सगळे शाळांवर ढकलल्यासारखे होईल. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ आहे, लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे. त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले आहे. २०२१ साली राज्य मंत्रिमंडळाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर जणांची. त्यात आपला परभणी जिल्हाही आहे. सभासदांनो, हे पैसे तुमच्या उसावरचे आहेत. तेव्हा वसतिगृहात मुली किती, नववी ते बारावीच्या किती, हंगाम सुरू होण्याआधी प्रवेश होतात की अर्धा हंगाम गेल्यावर, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सर्वसाधारण सभेत साखरेच्या दराबरोबर हाही प्रश्न विचारा. दिवाळीआधी मुलगी वसतिगृहात गेली तर बापाला झोप लागते, आणि लग्नाची घाई आपोआप ओसरते.

दुसरी गोष्ट कायद्याची. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पूर्ण पाहिजेत. लग्न लावून देणारे, लावणारे आणि हजर राहणारेही गुन्हेगार ठरतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गावात याचा अधिकारी ग्रामसेवक, त्याच्या मदतीला अंगणवाडीताई, आणि फोन करायचा तर १०९८. पत्रिकेत नाव छापलेले प्रतिष्ठित सभासद आणि मांडवात आशीर्वाद देणारे संचालक यांनीही हे वाचावे म्हणून मुद्दाम लिहिले आहे.

तिसरी गोष्ट अगदी आपल्या हातातली. तोडणी-वाहतुकीचा करार होतो तेव्हा मुकादम टोळीची यादी देतो. त्या यादीत प्रत्येक कोयत्यापुढे दोघांच्याही जन्मतारखेचा रकाना असावा, आणि अठराच्या आतली मुलगी ज्या कोयत्यात असेल त्या कोयत्यावर उचल देऊ नये. मुकादम म्हणतील, वय कोण सांगणार? जुन्या लोकांच्या जन्मतारखांचे आम्हालाही माहीत आहे. मास्तरांनी दाखल करताना सरसकट १ जून लिहून टाकले, त्यामुळे आपल्या निम्म्या सभासदांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो! पण आताच्या पोरींचे तसे नाही. त्यांची शाळेत नोंद आहे, दाखल-खारिज रजिस्टर आहे, निर्गम उतारा मिळतो. पोरगी शाळेत फक्त आठवीपर्यंत गेली असली तरी तो कागद तिच्या बाजूने उभा राहतो. येत्या हंगामाचे करार सुरू होण्याआधी शेती विभागाने यादीचा नमुना छापायला टाकताना हा रकाना घ्यावा, आणि मुकादमांनी करारासोबत उताऱ्याची झेरॉक्स जोडावी, अशी आमची सूचना आहे. सभासदांची मते या पत्त्यावर पोस्टाने किंवा शेती कचेरीत हातोहात दिली तरी चालतील. आलेली पत्रे पुढच्या अंकात छापू.